काळ्या पडद्यावरची शेवटची ओळ

लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावी सकाळी शटर वर जाऊ लागली की एक दृश्य हमखास दिसते. सेवा केंद्रातला मुलगा टेबलाखाली वाकून बटण दाबतो, देवाच्या फोटोला उदबत्ती लावतो, काउंटरवरची धूळ झटकतो आणि मान वर करतो तोवर पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटलेले असते. त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरत असते. उदबत्ती अर्धी जळते तरी ते फिरतच असते. बाकावर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, धानविक्रीची नोंदणी अशा कामांना आलेली माणसे बसलेली असतात. त्यांतला एखादा विचारतो, ‘‘का जी, हँग झाला का?’’ ‘‘थांबा ना काका, होते सुरू,’’ म्हणत मुलाचा हात पुन्हा टेबलाखाली जातो. बटण चार सेकंद दाबून धरले की सगळे काळे होते, पंखा थांबतो आणि पहिल्यापासून तोच खेळ सुरू होतो. दोन-तीनदा असे झाले की वडशाला किंवा ब्रह्मपुरीला फोन लागतो आणि पलीकडून, यंत्र न पाहताच, निदान येते: विंडोज मारावी लागेल. मला या सगळ्यात कुतूहल आहे ते त्या चार सेकंदांचे. आपल्याला वाटते की तेवढ्यात यंत्र फक्त बंद झाले. खरे तर एकुलता एक साक्षीदार उठून निघून गेलेला असतो. कुठवर सगळे नीट चालले होते हे त्या अडलेल्या पडद्यालाच ठाऊक होते, आणि त्याला कोणी विचारलेच नाही.

बटण दाबणे आणि चिन्ह दिसणे यांच्यामध्ये जे घडते ते बरेच जुने आहे. १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्यातल्या पद्धतीचा सांगाडा पुढे कित्येक वर्षे टिकला. आजच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, भिंतीतल्या २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ असे लहान व्होल्ट तयार करतो. ते स्थिर झाले की एका तारेवरून मदरबोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा जातो. सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंतचा हा मामला, पण तो इशारा येईपर्यंत प्रोसेसर जागचा हलत नाही. मग बायोस या सुरुवातीच्या प्रणालीच्या चिपमधून पहिली आज्ञा उचलली जाते, रॅम तपासली जाते, पडद्याचे कार्ड, कीबोर्ड, डिस्क यांना एकेक हाक जाते. डिस्कच्या सुरुवातीचा भाग वाचला जातो, त्यामागून विंडोजचा गाभा, ड्रायव्हर, नाना सेवा आणि मग कुठे पासवर्डची चौकट. इथे प्रत्येक जण पुढच्याला काहीतरी विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. म्हणून बंद पडणे वेगळे आणि अडणे वेगळे. अडलेला संगणक बहुतेक वेळा मेलेला नसतो. त्याने कुणाला तरी काही विचारले आहे आणि उत्तर आलेले नाही, एवढेच झालेले असते. कधी या थांबण्याला मुदत घातलेली असते, ती सरली की तो पुढे सरकतो किंवा निदान चूक सांगतो. कधी मुदत घालायचे ज्याने त्याने राहून गेलेले असते.

माझे म्हणणे असे की संगणक जिथे अडलेला दिसतो तिथे दोष शोधायला जाऊ नये. शेवटचे नीट पार पडलेले काम कोणते ते पाहावे आणि मग त्याच्यापुढे कोणाचा नंबर होता ते विचारावे. याचा उत्तम पुरावा विंडोज एक्सपीच्या काळातला आहे. २००१ साली आलेली ही विंडोज महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांनी पाहिली ती बहुधा एमएस-सीआयटीच्या वर्गात. तो अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएलची स्थापनाही त्याच वर्षीची. एक्सपी सुरू होताना अडली की एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जायचे, ही त्या पिढीची पहिली युक्ती. तिथे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फायलींची नावे भराभर वर सरकत आणि अडलेल्या यंत्रावर यादी वारंवार एकाच नावापाशी येऊन थांबे: एमयूपी डॉट एसवायएस. लोकांनी जगभर या फायलीला शिव्या दिल्या. तिचे नाव बदलले, ती पुसली, दुसऱ्या यंत्रावरून आणून बसवली. गुण येत नसे, कारण बिचारीचा काही दोषच नव्हता. ती यादीत शेवटची होती, एवढाच तिचा गुन्हा. तिचे काम झाले होते म्हणून तर तिचे नाव छापले गेले. तिच्यानंतर जे व्हायचे होते त्याचे नाव पडद्यावर येण्याची सोयच नव्हती. कुणाच्या यंत्रात पुढे खराब रॅम निघे, कुणाच्या पाठीमागे खोचलेले एखादे यूएसबीचे उपकरण, कुणाची थकलेली डिस्क, कुणाच्या बायोसमधली बदललेली एखादी सेटिंग. इतकी वेगवेगळी कारणे आणि पडद्यावर एकच नाव! ज्याने ते नाव आरोपीचे म्हणून वाचले तो फसला. ज्याने ते निर्दोष सुटलेल्यांच्या यादीतले शेवटचे म्हणून वाचले त्याला निदान तपास कुठून सुरू करायचा ते कळले.

दिसेल त्याच्यावर बोल ठेवण्याची ही खोड काही संगणकापुरती नाही. इथल्या झाडीपट्टी मुलखात दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके रंगतात. वडशाहून मंडळी येते, मंडप भरतो, आणि पडदा वेळेवर उघडला नाही की शिट्ट्या बसतात त्या समोर येऊन उभे राहणाऱ्याला; मागे जनरेटरची तार सुटली आहे हे पुढच्या रांगेतल्याला कसे कळावे? केंद्राच्या खिडकीत वेगळे काय होते? शेतकरी मुलाची वाट पाहतो, मुलगा यंत्राची, यंत्र डिस्कची, आणि डिस्क कदाचित साडेदहाऐवजी मिळायला हव्या त्या बारा व्होल्टची. बोलणी मात्र मुलाला बसतात, कारण खिडकीत तो बसलेला असतो. मग तोही काही वेळाने शहाणा होतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगून सगळा बोल मुंबईला पाठवून देतो. खिडकीतून मुंबई दिसत नसल्याने वाद तिथेच मिटतो. मंत्रालयातला सर्व्हर ठणठणीत असतानाही त्याने किती गावांतल्या जुन्या डिस्कची पापे झेलली असतील, हिशेब नाही.

या भागात तर ऋतूसुद्धा साक्षीला येतो, त्याला विचारायची रीत मात्र पडलेली नाही. वैनगंगा आणि चुलबंदच्या काठचा हा धानाचा मुलूख. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी चांगलीच झोंबते. अशा दिवसांत काही जुनी यंत्रे सकाळी दोन-तीनदा अडतात आणि चौथ्या वेळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत कुरकुर करत नाहीत. ‘गरम व्हावा लागतो’ असे लोक म्हणतात. हे ऐकून शहरातला इंजिनिअर हसेल, पण यात तथ्य आहे. मदरबोर्डावर आणि एसएमपीएसमध्ये लहान डब्यांसारखे उभे दिसणारे कपॅसिटर असतात. त्यांच्या आत एक द्रव असतो. वर्षानुवर्षे तापून तो सुकत जातो, आणि थंडीत अशा कपॅसिटरचा अंतर्गत अडथळा आणखी वाढतो. व्होल्ट थरथरतात, ‘वीज ठीक आहे’ हा इशारा डळमळतो. थोडा वेळ वीज खेळती राहिली की द्रव तापतो आणि काम निभावते. ढोबळ नियम असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की या कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. आता विदर्भातला मे महिना डोळ्यांपुढे आणावा: बाहेर पंचेचाळीसच्या आसपास पारा, वर टिनाचे छप्पर, आणि बंद कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणजे मे महिन्याने केलेला अपराध जानेवारीत उघडकीस येतो. निदान करणारा जानेवारीत येतो, थंडीला नाव ठेवतो किंवा विंडोजला, आणि मे महिना मोकळाच राहतो. त्यात १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले होते. ते वेळेआधी फुगले, फुटले. डोके वर आलेला, तपकिरी चिकटा सांडलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहायला पैसे पडत नाहीत. मोठ्या नावाच्या कंपन्यांची यंत्रेही त्या साथीतून सुटली नव्हती, हे छाप पाहून विश्वास टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

उन्हाळ्यातले अडणे निराळे. यंत्र नीट सुरू होते आणि चिन्ह ओलांडून चार-पाच मिनिटांनी अडते. थोडा वेळ बंद ठेवले की पुन्हा तेवढेच चालते. असे यंत्र उघडले तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांखाली धुळीची गादी सापडते. धानाची मळणी आणि राइस मिल यांच्या शेजारात ही धूळ साधी नसते. तिच्यात बारीक कोंडा असतो, आणि तो पंख्याखालच्या जाळीत गच्च बसतो. पावसाळ्याची तक्रार आणखी तिसरी. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर धरतो, बटण दाबले की पंखा फिरतो पण पडदा कोराच. रॅम काढून पट्ट्यांवरून शाळेचा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा आणि टक् आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवायची, हा उपाय कुठल्या पुस्तकाने दिला असो वा नसो, गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांनी तो सिद्ध करून ठेवला आहे. आणि शाळेतल्या यंत्रांचा ऋतू म्हणजे सुट्टी. दोन महिने वीज मिळाली नाही की मदरबोर्डावरचा रुपयाएवढा, तीन व्होल्टचा, जुना झालेला सीआर २०३२ सेल उतरतो, यंत्र तारीख विसरते आणि सुरू होताना एफ-१ दाबा म्हणून थांबून राहते. कीबोर्डच लावलेला नसेल तर ते किती काळ थांबेल? कुणी येईपर्यंत. एफ-१ दाबून पुढे गेलेच तर तारीख पंधरा-वीस वर्षे मागची, मग सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात आणि सगळे म्हणतात की नेट स्लो आहे. दोष पन्नासेक रुपयांच्या सेलचा आणि बदनामी दूरसंचाराची.

विजेचे प्रकरण तर घराच्या भिंतीतच सुरू होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. आजही पिकाच्या हंगामात कृषिपंप एकदम सुरू झाले की गावातला व्होल्ट खाली बसतो. बहुतेक एसएमपीएस १८० व्होल्टच्या वर खुशीने चालतात, त्याखाली त्यांची तारांबळ उडते. टेबलाखाली यूपीएस असतो खरा, पण त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. नंतर तो यूपीएस केवळ लाल दिव्याचे कर्तव्य करतो. मीठ-कोळसा घालून केलेले अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते, त्यात बादलीभर पाणी ओतायची आठवण क्वचितच कुणाला होते. आणि मृगाच्या आधीच्या विजा! त्या थेट यंत्रावर पडायची गरज नसते. खांबावरून आलेल्या नेटच्या तारेतून झटका शिरतो, नेटचा पोर्ट जळतो, आणि तो अर्धमेला पोर्ट पुढे दर वेळी सुरू होताना बायोसच्या हाकेला उत्तर देत नाही. अशा यंत्रात विंडोज कितीदाही मारा, ते चिन्हाआधीच अडणार. तिथवर विंडोजचा नंबरच आलेला नसतो.

मग शोधायचे कसे? न्यायदर्शनाने शिकवलेली अन्वय आणि व्यतिरेकाची जोडी इथे चपखल बसते: कारण आहे तिथे कार्य आहे का, आणि कारण काढून घेतले की कार्य नाहीसे होते का. अडलेल्या यंत्राची तपासणी म्हणजे मुख्यतः व्यतिरेक. आधी मागचे सगळे उपटायचे, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह तर विशेष, कारण बायोसला त्यावरूनच सुरू व्हायचे असा हुकूम दिलेला असेल तर ते त्यातल्या लग्नाच्या फोटोंमध्ये विंडोज शोधत बसते. तरी अडले तर आतले एकेक काढायचे आणि शेवटी फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी एवढेच ठेवायचे. तेवढ्यावर सुरुवात नीट झाली की एकेक परत जोडत जायचे. ज्याला जोडताच पुन्हा अडले तो सापडला. हे करण्याआधी दोन फुकटचे प्रश्न विचारावेत. अडलेल्या पडद्यावर कीबोर्डचे नमलॉक दाबून पाहावे: त्याचा दिवा लागतो-विझतो तोवर यंत्र आतून जागे आहे, फक्त थांबले आहे, दिवा ढिम्म राहिला तर खरेच गोठले. दुसरा प्रश्न डिस्कच्या दिव्याला. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे आणि बटणावरचा हात मागे घ्यावा, कारण कदाचित मागच्या वेळी वीज गेल्याची निस्तरणी आत चालली असेल. तो न मिटता लाल राहिला असेल तर डिस्क एखाद्या खराब जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा यत्न करते आहे. आणि कान. जुन्या बोर्डांवर छोटा भोंगा असे. एक आखूड शिट्टी म्हणजे सगळे ठीक, आणि बिघाडाच्या शिट्ट्या बायोसच्या कंपनीप्रमाणे वेगळ्या. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डाची तक्रार. पुढे कंपन्यांनी काही रुपये वाचवायला तो भोंगा देणे सोडले आणि यंत्राची बोली बंद केली. मला हा बदल दुष्टपणाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढे तत्त्वज्ञान कशाला, फॉरमॅट मारला की दहातले सात सुरू होतात. होतात, नाकारत नाही. विषाणू, अर्धवट राहिलेले अपडेट, बिघडलेला ड्रायव्हर हे दोष फॉरमॅटने जातात. पण जे सुरू झाले त्यांतले सगळे फॉरमॅटमुळेच झाले असे मानणे म्हणजे काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ. फॉरमॅटसाठी यंत्र दुकानात नेले जाते, म्हणजे तारा निघतात, पेन ड्राइव्ह निघतो, प्रवासात रॅम हलते, दुकानात झाकण उघडून ब्लोअर मारला जातो आणि भिंतीचा सॉकेटही दुसरा असतो. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचे? जे यंत्र दुकानात छान चालते आणि परत आणून लावले की पुन्हा अडते, त्याच्या मालकाला दुकानदार लबाड वाटतो. खरे तर ते यंत्र आपला साक्षीजबाब अगदी स्पष्ट देत असते: दोष माझ्यात नाही, तुमच्या भिंतीत आहे. थकलेल्या डिस्कच्या बाबतीत तर फॉरमॅट हा अपायच. झटपट फॉरमॅटमध्ये डिस्कवरची फक्त अनुक्रमणिका नवी लिहिली जाते, खराब जागा तशाच राहतात. त्यावर विंडोजच्या हजारो फायली पुन्हा लिहून त्या म्हाताऱ्या डिस्कला आणखी पळवले जाते. काही आठवडे बरे जातात, मग पुन्हा चिन्ह आणि ठिपके. दरम्यान सी ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर साठवलेले सारे, अर्ज, यादी, एखाद्याच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद, पुसून गेलेले असतात. आधी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून ते उतरवून घेता आले असते. डिस्क स्वतःच्या खराब जागांची नोंद स्मार्ट नावाच्या सोयीत ठेवत असते, ती वाचायला दोन मिनिटे लागतात. पण फॉरमॅट मारणाऱ्याला दोन मिनिटे नसतात, त्याला दोन तास असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अशा यंत्रांवर बुद्धी खर्च का करावी? एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला काढून घेतला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२०ला, विंडोज दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ला. अकरा नंबरची विंडोज टीपीएम २.० नावाचा सुरक्षा भाग मागते, तो यांच्यात नसतो. जुना डेस्कटॉप वीज जास्त खातो, सावकाश चालतो, त्यावर लोकांची आधार आणि बँकेची कामे करणे धोक्याचे आहे. हे सारे मला मान्य आहे, आणि ज्या यंत्रावर लोकांची ओळखपत्रे उघडतात ते तरी आधी बदलावे. पण सगळी जुनी यंत्रे केवळ गरिबीमुळे टेबलावर राहिलेली नाहीत. छापखान्यात जाऊन पाहावे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डे, नाटकांच्या जाहिराती ज्यांत बसवल्या त्या वीस-वीस वर्षांच्या मराठी फायली युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटांत आहेत, सी-डॅकच्या आयएसएममधल्या किंवा पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीतल्या. श्रीलिपीला एक छोटे कुलूप लागत असे, जुने कुलूप प्रिंटरच्या रुंद पोर्टात खोचायचे. नव्या संगणकाला तो पोर्टच नाही. ते यंत्र गेले म्हणजे मजकूर नाहीसा होत नाही, पण वाचता न येणाऱ्या चिन्हांचा ढीग होऊन उरतो. मराठीचा मोठा छापील व्यवहार अशा खोक्यांत अडकून आहे आणि तो बाहेर काढेपर्यंत तरी ते खोके रोज सकाळी सुरू व्हायला हवे. शिवाय नवे घेतले म्हणून प्रश्न सुटतो असेही नाही. कोरड्या अर्थिंगच्या, खालीवर होणाऱ्या व्होल्टच्या त्याच सॉकेटवर नवे यंत्र लावले तर तेही त्याच वाटेने म्हातारे होणार, फक्त हप्ते चालू असताना. का बिघडले हे कळल्यावर यंत्र खुशाल भंगारात द्यावे. न कळता दिले तर बिघाड घरीच राहतो.

तिसरा आक्षेप रांगेचा. बाहेर धानाच्या नोंदणीची शेवटची तारीख टेकलेली माणसे उभी आहेत, तिथे अन्वय-व्यतिरेक कोण करणार? रास्त आहे. त्या दिवशी शेजारच्या दुकानातले यंत्र मागावे आणि काम उरकावे. पण तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावला तर नमलॉक, दिवे, पेन ड्राइव्ह, मागच्या तारा एवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि निदान पडद्याचा मोबाइलवर फोटो काढायला तर एक क्षण पुरतो. चार सेकंद बटण दाबून धरण्याआधी तेवढे केले तरी साक्षीदार हातचा जात नाही.

खरी अडचण या आक्षेपांपैकी कुठलीच नाही. ती अशी आहे की व्यतिरेकाची परीक्षा पुरी करायची तर दोष परत आणून दाखवावा लागतो. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले, धूळ उडवली, रॅम पुसली, डिस्कची तार बदलली, सेल नवा घातला आणि यंत्र सुरू झाले. यांतल्या नेमक्या कशाने झाले ते त्याला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचे तर जुनी तार पुन्हा लावायची, उतरलेला सेल परत घालायचा, यंत्र पुन्हा अडते का पाहायचे. चालू झालेले यंत्र मुद्दाम अडवून पाहायला कोणते गिऱ्हाईक परवानगी देईल, आणि त्या वेळेचे पैसे कोण देईल? म्हणून तालुक्या-तालुक्यांतले हे ज्ञान, आणि ते थोडेथोडके नाही, कायम अर्धवट सिद्ध राहते. कारागीर मनात एक अंदाज बांधतो, पुढच्या यंत्रावर तोच वापरतो, कधी लागू पडतो, कधी नाही. कुणी कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर पेन्सिलने तारीख, हवा, कुठवर आले होते आणि काय बदलले एवढे लिहून ठेवले असते तर तीन-चार हिवाळ्यांत त्या एका यंत्रापुरते तरी शास्त्र तयार झाले असते. तसे कुणी लिहीत नाही. पावतीवर ‘सर्व्हिसिंग’ एवढा एक शब्द येतो, पुढे रक्कम. आणि कारागीर प्रामाणिक असला, शब्दाला जागणारा असला, तरी त्या पाच कामांपैकी पैसे नेमके कोणत्या कामाचे घेतले ते त्याने पावतीवर कसे लिहावे?